शल्य आणि पहिला हात

पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या उत्तर भागातील दोन तालुके. पेडणे म्हणजे तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मधला, माडांच्या बागांनी समुद्राला भिडलेला प्रदेश. डिचोली म्हणजे डोंगर, काजूची राने, लोहखनिजाची तांबडी माती आणि मांडवीकडे धाव घेणारे पाणी. निसर्गाने दोघांना वेगळे रूप दिले असले तरी एका बाबतीत त्यांचे साम्य आहे. येथला कष्टकरी माणूस पिढ्यान्‌पिढ्या टोकदार वस्तूंच्या सान्निध्यात जगत आला आहे. माडावर चढणाऱ्या रेंदेराच्या कमरेला काती असते, पाडेल्याच्या हाती कोयता असतो. केरी, हरमल, मांद्रे, मोरजीच्या मच्छीमाराच्या बोटांत गरी असते आणि जाळ्यात अवचित सापडलेल्या पाकटाच्या शेपटीवर काटा असतो. शेताच्या वईला तासलेले बांबूचे खुंट असतात. अलीकडच्या काळात अपुऱ्या इमारतींच्या खांबांतून आभाळाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या लोखंडी सळयांची त्यांत भर पडली आहे.

अशा प्रदेशात घडू शकणारा एक प्रसंग वाचकांनी डोळ्यांसमोर आणावा. पावसाची सर नुकतीच येऊन गेली आहे. माडाचे खोड निसरडे झाले आहे. वर चढलेल्या माणसाचा पाय सुटतो, तो खाली वईवर कोसळतो आणि बांबूचा एक खुंट त्याच्या मांडीत शिरतो. आरडाओरड होते, शेजारपाजारचे धावत येतात. कोणी पाणी आणते, कोणी हळद आणते, आणि जमलेल्यांपैकी जो सर्वांत धीट असतो तो म्हणतो, “आधी तो खुंट काढा!” त्याच्या मनात क्रौर्य नसते. उलट त्याला जखमी माणसाचे दुःख पाहवत नाही म्हणूनच तो पुढे होतो. जे बाहेरून आत शिरले आहे ते बाहेर काढले म्हणजे पीडा संपेल, हे मनुष्याच्या मनाचे अतिशय जुने आणि स्वाभाविक गणित आहे. दुर्दैवाने ते बहुधा चुकते. खुंट निघतो आणि त्याच्यामागोमाग, तोवर त्या खुंटानेच थोपवून धरलेले रक्त वाहू लागते.

आजचे प्रथमोपचारशास्त्र या बाबतीत निःसंदिग्ध आहे. शरीरात रुतून बसलेली वस्तू जागेवर काढू नये, तिला आहे तशी स्थिर करावी आणि रुग्णाला शस्त्रवैद्याकडे न्यावे. त्यामागची कारणे समजण्यास कठीण नाहीत. रुतलेली वस्तू ही जखमेचे कारण असते, तशीच ती जखमेचे बूचही असते. तिच्या दाबाने फाटलेली रक्तवाहिनी काही काळ मिटलेली राहते. ती ओढताना तिच्या कडा, गाठी, आकडे वा कुसळे पुन्हा त्याच मार्गाने मांस फाडत बाहेर येतात. तिची आतली लांबी आणि दिशा बाहेरून कळत नाही. शिवाय वस्तू जागेवर असली म्हणजे शस्त्रवैद्याला कोठे, किती खोल आणि कोणत्या अवयवाजवळ पोहोचायचे हे कळते. ती काढून टाकली की जखमेचे तोंड तेवढे उरते.

हा संयम आपल्याकडे परकीय वैद्यकाबरोबर आला अशी अनेकांची समजूत असते. इतिहास पाहू लागलो की ती पुरती खरी ठरत नाही. मात्र ‘आमच्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते’ असे म्हणून मोकळे होण्याइतकाही हा इतिहास सोपा नाही. ज्ञान कोठे होते, कोणाच्या हाती होते आणि जखमी माणसाजवळ पहिल्यांदा पोहोचणाऱ्या हातापर्यंत ते का पोहोचले नाही, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

प्रारंभ शब्दापासूनच करू. शस्त्रक्रियेला आपण ‘शल्यक्रिया’ म्हणतो आणि ती करणाऱ्याला ‘शल्यविशारद’ म्हणतो. या शब्दांतले ‘शल्य’ म्हणजे शरीरात शिरून सलणारी वस्तू. बाणाचे पाते, काटा, लाकडाची ढलपी, हाडाचा तुकडा ही सारी शल्येच होत. मराठीतले ‘सल’ आणि ‘सलणे’ हे शब्दही त्याच कुळातले. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाला ‘शल्यतंत्र’ असे नाव पडले. याचा अर्थ असा की ज्या समाजाने हे शास्त्र रचले त्याला शस्त्रवैद्याचे आद्य काम रुतलेल्या वस्तूची व्यवस्था लावणे हेच वाटत होते. रणांगणावर बाण हे मुख्य अस्त्र असलेल्या काळात हे स्वाभाविकच होते.

या तंत्राचा प्रमुख ग्रंथ म्हणजे सुश्रुतसंहिता. तिला आजचे रूप एकाच वेळी आलेले नाही. ती अनेक हातांतून आणि अनेक शतकांतून घडली. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने डल्हणाच्या टीकेसह ती छापली आणि विसाव्या शतकातील वाचकाला ती हाताशी आली. तिच्या सूत्रस्थानातील सव्विसावा आणि सत्ताविसावा हे दोन अध्याय शल्यालाच वाहिलेले आहेत. पहिल्यात दडून बसलेले शल्य ओळखावे कसे याचे विवेचन आहे, दुसऱ्यात ते काढावे कसे याचे. काढण्याचे पंधरा उपाय तेथे मोजलेले आहेत. त्यांत आपोआप निघू देणे आहे, पिकवून काढणे आहे, चिरणे, दाबणे, पुसणे, धुणे, चोखणे आहे, आणि लोखंडाच्या शल्यासाठी लोहचुंबकही आहे. मात्र चुंबकाचा उपयोग सरसकट करावयाचा नाही. शल्य सरळ असावे, आत अडकलेले नसावे, त्याला कान म्हणजे आकडे नसावेत आणि जखमेचे तोंड पुरेसे रुंद असावे, अशा अटी आहेत. पंधरावा उपाय वाचताना मन थबकते. तो ‘हर्ष’ हा आहे. हृदयात रुतलेल्या शोकाच्या शल्यावर तो सांगितला आहे.

शल्य काढण्याच्या दिशाही दोनच सांगितल्या आहेत: ज्या वाटेने ते आत आले त्या वाटेने मागे, किंवा पुढे ढकलून पलीकडच्या बाजूने. शल्य कितपत आत गेले आहे यावरून दिशा ठरवायची. पेडण्याच्या किनाऱ्यावरील मच्छीमाराला हे तत्त्व नवे वाटणार नाही. बोटात रुतलेली गरी मागे ओढली की तिचा आकडा मांस धरतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. आजच्या दवाखान्यातही अशी गरी अनेकदा पुढे ढकलून, तिचा आकडा त्वचेबाहेर काढून, तो तोडून मगच मागे घेतली जाते. घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासाठीही सुश्रुताने उपाय सांगितला आहे. दोरीला बांधलेला केसांचा गुंडा द्रवाबरोबर गिळावयास देऊन तो काट्यासह बाहेर ओढावा, असा तो उपाय आहे. आज तो कोणी करू नये. परंतु ग्रंथकर्त्याला मासे खाणाऱ्या माणसांची अडचण अपरिचित नव्हती एवढे त्यावरून दिसते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे स्थळ मात्र शारीरस्थानात, मर्मांच्या प्रकरणात आहे. सुश्रुताने शरीरातील एकशे सात मर्मे सांगितली आणि आघाताच्या परिणामांवरून त्यांचे पाच वर्ग केले. काही मर्मांवरील आघात तत्काळ प्राण घेतो, काहींवरील कालांतराने घेतो, काही ठिकाणी व्यंग राहते, काही ठिकाणी केवळ वेदना. उरलेल्या वर्गाचे नाव ‘विशल्यघ्न’ असे आहे. शल्य असेपर्यंत माणूस जगतो आणि शल्य काढताच मरतो, असे ज्या स्थानी घडते ती विशल्यघ्न मर्मे. ती तीनच आहेत. दोन्ही कानशिलांच्या वर केसांच्या कडेला असलेली दोन ‘उत्क्षेप’ आणि भुवयांच्या मध्ये असलेले एक ‘स्थपनी’. तेथे रुतलेले शल्य ओढून काढू नये. ते पिकून आपोआप गळून पडले तर माणूस वाचतो, असेही निरीक्षण नोंदवलेले आहे.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. ज्याने हा वर्ग कल्पिला त्याने, किंवा त्याच्या पूर्वसूरींपैकी कोणीतरी, डोक्यात बाण रुतलेला माणूस बोलताना, श्वास घेताना पाहिला असला पाहिजे. आणि बाण काढल्यावर तोच माणूस हातात प्राण सोडतानाही पाहिला असला पाहिजे. स्वतःच्या हाताने काही चूक घडली असेल हे मान्य करण्याचे धैर्य असल्याशिवाय असा वर्ग शास्त्रात येत नाही. ‘न काढणे’ हाही उपचार आहे, ही जाणीव तेथे स्पष्टपणे उमटलेली आहे.

या जाणिवेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. सुश्रुताने दिलेले कारण वायूचे आहे. शल्याने वाट अडवलेली असेपर्यंत वायू आत राहतो आणि शल्य निघताच तो निसटतो, अशी त्याची उपपत्ती. आज आपण रक्तस्राव आणि दाब यांच्या भाषेत बोलतो. शिवाय त्याने हा नियम तीन स्थानांपुरताच ठेवला. छाती, पोट, मान, मांडी या सर्वच ठिकाणी तो लागू पडतो हे नंतरच्या अनुभवाने शिकवले. सर्वसाधारणपणे सुश्रुताचा आग्रह शल्य यत्नपूर्वक काढावे असाच आहे, कारण आत राहिलेले शल्य सूज, पू आणि मरणही आणते. हाडात घट्ट बसलेले शल्य ताणलेल्या दोरीने घोड्याच्या लगामाला किंवा वाकवलेल्या फांदीला बांधून उपटण्याची युक्तीही तो सांगतो. दडलेले शल्य शोधण्यासाठी रुग्णाला मोडक्या चाकाच्या गाडीत बसवून खडबडीत वाटेने न्यावे आणि कोठे दुखते ते पाहावे, हा त्याचा सल्ला तर आज कोणी मानणार नाही. रुतलेल्या वस्तूला धक्का लागू न देणे हाच आजचा पहिला नियम आहे.

परंतु एक गोष्ट त्याने कोठेही सोडलेली नाही. शल्य काढणे हे शिकलेल्या हाताचे काम आहे. शिष्याने ते आधी फणसाच्या आणि बेलफळाच्या गरातून बिया काढून, मेलेल्या जनावराचे दात उपटून गिरवावे, असे तो सांगतो. एकशे एक यंत्रे मोजून तो म्हणतो की त्यांत हात हेच सर्वांत प्रधान यंत्र. पकडींपैकी तो ‘कंकमुख’ श्रेष्ठ मानतो, कारण ते सुखाने आत शिरते, शल्य धरते आणि सुखाने बाहेर येते. म्हणजे काढण्याचा अधिकार अभ्यासाने मिळत असे. दयेच्या भरात धावून आलेल्या माणसाला तो नव्हता.

आपली महाकाव्येही हे भान बाळगतात. शरशय्येवर पडलेल्या भीष्मांकडे दुर्योधन शल्योद्धारात कुशल वैद्य घेऊन येतो आणि भीष्म त्यांचा सत्कार करून त्यांना परत पाठवतात. रामायणात लक्ष्मणासाठी आणलेल्या वनस्पतींत ‘विशल्यकरणी’ आहे. शल्य अलगद निघावे, ही मानवी आकांक्षाच त्या नावात साठवलेली आहे.

बाणाशी झुंजणाऱ्या इतर समाजांनाही हाच धडा किंमत मोजून शिकावा लागला. १४०३ मध्ये श्रूजबरीच्या लढाईत इंग्लंडचा सोळा वर्षांचा युवराज हेन्री, पुढचा राजा पाचवा हेन्री, याच्या चेहऱ्यात नाकाच्या बाजूला बाण शिरला. बाणाची काडी ओढण्यात आली. पाते मात्र सहा इंच खोल आत राहिले. पुढे जॉन ब्रॅडमोर या शस्त्रवैद्याने मधात भिजवलेल्या, कापड गुंडाळलेल्या काड्यांनी जखमेची वाट हळूहळू रुंदावली आणि स्वतः घडवलेल्या स्क्रूच्या चिमट्याने ते पाते धरून बाहेर काढले. अमेरिकेतील लष्करी शस्त्रवैद्य जोसेफ बिल याने १८६२ मध्ये तेथील आदिवासींच्या बाणांच्या जखमांवर लिहिताना हेच बजावले. पाते काडीला जनावराच्या स्नायूच्या तंतूने बांधलेले असे. रक्ताने तो तंतू सैल पडे, आणि सोबत्याने मदत म्हणून काडी ओढली की ती हातात येऊन पाते आतच राही. साडेचारशे वर्षांच्या अंतराने, दोन खंडांत, धावून आलेल्या हातांकडून तीच चूक घडत होती.

आता पुन्हा मांडवीच्या काठावर येऊ. डिचोली तालुक्यातील नार्वे येथे उभे राहिले की समोर दिवाडी बेट दिसते आणि त्याच्या पलीकडे जुने गोवे. सोळाव्या-सतराव्या शतकांत या नदीच्या दोन तीरांवर वैद्यकाची दोन वेगळी जगे नांदत होती. पलीकडे पोर्तुगीजांचे राजकीय रुग्णालय होते. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ मध्ये तेथे रुग्ण म्हणून राहिला आणि त्याची व्यवस्था पाहून थक्क झाला. परंतु ते रुग्णालय मुख्यतः पोर्तुगीज सैनिकांसाठी होते. अलीकडच्या तीरावर, त्या काळी पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर असलेल्या डिचोली-पेडण्याच्या मुलखात, जखमी माणसाला गावचा वैद्य, जडीबुटी जाणणारा वृद्ध आणि देवाचा अंगारा यांचाच आधार होता.

ही दोन जगे परस्परांपासून पूर्णपणे तुटलेली मात्र नव्हती. गार्सिया द ओर्त या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापून प्रसिद्ध केलेल्या आपल्या औषधीविषयक ग्रंथात येथल्या वैद्यांच्या ज्ञानाची दखल घेतली. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्स्खोतेन या डच प्रवाशाने नमूद केले आहे की व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि पाद्रीही स्वकीय वैद्यांपेक्षा हिंदू वैद्यांवर अधिक विश्वास टाकतात. सत्तेला मात्र हा विश्वास रुचत नव्हता. ख्रिश्चनांनी हिंदू वैद्यांकडे जाऊ नये असे धार्मिक फर्मान निघाले. १६१८ मध्ये गोवा शहरातील हिंदू वैद्यांची संख्या तीसपेक्षा अधिक असू नये असा निर्बंध आला. ज्ञानाची देवाणघेवाण चालू राहिली, पण ती औषधींच्या क्षेत्रात अधिक आणि शस्त्रकर्मात कमी. शल्यतंत्र हे आधीच ग्रंथांत आणि मोजक्या घराण्यांत आकसले होते. मर्मांचा विचार पोथीत राहिला, खुंटावर पडलेल्या माणसाभोवती जमलेल्यांच्या कानी तो कधी आला नाही.

नव्या काबिजादींत डिचोली १७८० च्या दशकाच्या प्रारंभी आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज राज्यात आले. १८४२ मध्ये पणजीला वैद्यकीय-शस्त्रक्रिया विद्यालय स्थापन झाले. मुक्तीनंतर, १९६३ मध्ये, त्याचेच गोवा वैद्यकीय महाविद्यालयात रूपांतर झाले आणि आज ते बांबोळीला आहे. दीडशेहून अधिक वर्षांत या संस्थेने असंख्य शस्त्रवैद्य घडवले. परंतु पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या जखमी माणसाच्या दृष्टीने प्रश्न शस्त्रवैद्याच्या कौशल्याचा नव्हता. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा होता. मध्ये नद्या होत्या. तर, होडी, पुढे फेरीबोट, आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक होते. मांडवीवर पूल झाल्यावरही तो जुलै १९८६ मध्ये कोसळला आणि उत्तर गोवा पुन्हा काही काळ फेरीबोटीवर अवलंबून राहिला. अशा प्रवासात रुतलेली वस्तू जागेवर असणे आणि नसणे यांतला फरक किती मोठा ठरत असेल, याची कल्पना करता येते.

पेडणे तालुक्याच्या सीमेवरील पत्रादेवीच्या इतिहासातही याच प्रश्नाची एक बाजू दिसते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आत आले आणि पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल हा तरुण तेथे धारातीर्थी पडला. त्या भूमीवर आज हुतात्म्यांचे स्मारक आहे. बंदुकीची गोळी म्हणजे सुश्रुताच्या भाषेत आत दडलेले शल्य; तिची वाट बाहेरून दिसत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना १८८१ मध्ये गोळी लागली, तेव्हा वैद्यांनी ती शोधण्यासाठी न धुतलेली बोटे आणि सळ्या जखमेत घातल्या. अडीच महिन्यांनी ते गेले, आणि त्या शोधानेच त्यांचे मरण ओढवले असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. सीमेवर, माळावर, रस्त्यावर पडलेल्या माणसाजवळ सर्वांत आधी पोहोचतो तो त्याचा सोबती. त्याने काय करावे आणि विशेषतः काय करू नये, हे त्याला आधीच ठाऊक असले पाहिजे.

सोबत्याला शिकवण्याची ही कल्पना प्रथमोपचाराच्या आधुनिक चळवळीच्या मुळाशी आहे, आणि तिचा इतिहासही शल्याशी विलक्षण रीतीने गुंतलेला आहे. १८७८ मध्ये इंग्लंडमधील वुलिच येथे सर्जन-मेजर पीटर शेफर्ड याने सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स संघटनेच्या वतीने सामान्य नागरिकांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग घेतले. वैद्यकातला थोडा पण नेमका भाग वैद्य नसलेल्या माणसाच्या हाती द्यावा, हा त्यामागचा विचार होता. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, २२ जानेवारी १८७९ रोजी, दक्षिण आफ्रिकेतील इसांडल्वाना येथे इंग्रजांचा झुलूंकडून पराभव झाला. माघार घेताना एका जखमी सैनिकाला मदत करण्यासाठी शेफर्ड घोड्यावरून उतरला आणि भाल्याने मारला गेला. त्याचे छोटे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले आणि त्याच्या वर्गांची परंपरा जगभर पसरली. सुश्रुताचे ज्ञान शिष्याला फणसावर हात बसवायला लावत होते. शेफर्डचे ज्ञान गिरणीतल्या कामगाराला आणि पोलिसाला पट्टी बांधायला शिकवत होते. पहिले खोल होते, दुसरे पसरट. रस्त्यावर पडलेल्या माणसाला आरंभी दुसऱ्याचीच गरज असते, म्हणजे त्याला पहिल्यापर्यंत जिवंत पोहोचता येते.

तर मग बांबूच्या खुंटावर पडलेल्या त्या माणसासाठी आज काय करावे? प्रथम मदत मागवावी. गोव्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २००८ पासून आहे. एकाने दूरध्वनी करावा आणि दुसऱ्याने जखमीजवळ बसावे. खुंट ओढू नये, हलवू नये, तो किती खोल आहे हे पाहण्यासाठी चाचपू नये. जखमेभोवतीचे कपडे कापून दूर करावेत. जे खुंटाला चिकटलेले असतील ते तसेच राहू द्यावेत. रक्त येत असेल तर खुंटावर दाब न देता त्याच्या दोन्ही बाजूंना स्वच्छ कापडाने दाबून धरावे. मग कापडाच्या गुंडाळ्या किंवा पागोट्यासारखी वळलेली चुंबळ त्याच्याभोवती रचून, वरून पट्टीने बांधून तो अचल करावा. पाणी भरणाऱ्या आपल्या बायका डोक्यावर ठेवीत असत ती चुंबळ या कामी किती चपखल आहे हे सांगणे नलगे. हात किंवा पाय यांतून रक्ताचा लोट थांबतच नसेल, तर जखमेच्या वर, धडाच्या बाजूस, रुंद पट्टी करकचून आवळावी आणि बांधल्याची वेळ लक्षात ठेवावी. सैल बांधलेल्या पट्टीने रक्तस्राव उलट वाढतो. तोंडाने काही देऊ नये, कारण पुढे भूल द्यावी लागणार असते. अंगावर पांघरूण घालावे आणि बोलत राहावे.

खुंट जमिनीत पक्का असेल तर माणसाला त्यावरून उचलू नये. त्याच्या देहाचा भार चार हातांनी पेलून धरावा आणि अग्निशामक दलाच्या जवानांनी खुंट शरीरापासून काही अंतरावर कापेपर्यंत धीर धरावा. इमारतीच्या सळईवर पडलेल्या मजुराच्या बाबतीतही हाच नियम. डोळ्यात काही रुतले असेल तर त्यावर दाब येणार नाही असा कागदी पेला उपडा ठेवून तो बांधावा. अपवाद थोडे आहेत. गालातून आरपार गेलेली वस्तू श्वासमार्ग अडवीत असेल, किंवा हृदय थांबले असून छातीवर दाब देण्याच्या आड ती वस्तू येत असेल, तर ती काढावी लागते. कारण तेव्हा श्वास आणि हृदय यांचा प्रश्न रक्ताच्या आधी येतो. त्वचेत वरवर शिरलेली कुसळे, ढलपी यांना हे सारे लागू नाही. ती चिमट्याने काढावी, जखम धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. पाकटाचा काटा पायाला लागला असेल तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने त्याच्या विषाची वेदना ओसरते. परंतु तोच काटा छातीत, पोटात किंवा मानेत शिरला असेल तर त्याला हात न लावता रुग्णालय गाठावे. त्या काट्याच्या दोन्ही कडांना मागे वळलेले दात असतात. बाहेर येताना तो आत जातानापेक्षा अधिक फाडतो.

या साऱ्याच्या आड आणखी एक शल्य आपल्या समाजमनात रुतलेले होते. जखमीला हात लावला तर पोलिस आणि न्यायालय मागे लागेल, ही ती भीती. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या नागरिकाला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक ठरवली आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने त्याला स्वतंत्र कलमाचा आधार दिला. पत्रादेवीपासून कोलवाळपर्यंत पेडणे तालुका कापीत जाणाऱ्या महामार्गावर ही गोष्ट प्रत्येक वाहनचालकाला ठाऊक असावयास हवी.

ज्ञान ग्रंथात असणे आणि ते गावात असणे या दोन भिन्न अवस्था आहेत. विशल्यघ्न मर्मांचे निरीक्षण दीड हजारांहून अधिक वर्षे आपल्या पोथ्यांत होते. त्याने किती जीव वाचले असतील हे सांगता येत नाही. तोच विचार साध्या शब्दांत, शाळेच्या वर्गात, मच्छीमारांच्या सोसायटीत, काजूच्या बागेत, बांधकामाच्या जागी पोहोचला तर त्याने पुढे जीव वाचतील. सळयांच्या टोकांना बूच लावणे, पावसात माडावर न चढणे ही तर त्याच्याही आधीची शहाणपणे.

सुश्रुताने हाताला सर्व यंत्रांत प्रधान म्हटले ते शस्त्रवैद्याच्या हाताविषयी. आपण त्याचा अर्थ थोडा वाढवून घ्यावयास हरकत नाही. वईजवळ धावून आलेला शेजाऱ्याचा हात हाही उपचारातला पहिला हात असतो. त्याने खुंट उपटला नाही, रुग्णवाहिका येईपर्यंत तो दोन्ही बाजूंनी घट्ट, न हलता धरून ठेवला, तर बांबोळीच्या शस्त्रवैद्याचे निम्मे काम त्याने वईपाशीच केलेले असते.